क्रूझवर काय खावे, कुठे आणि केव्हा : नवख्या प्रवाशांसाठी मार्गदर्शक

क्रूझच्या तिकिटात बहुतेक जेवण आधीच धरलेले असते आणि नवखा प्रवासी नेमका तिथेच गोंधळतो. पहाटेच्या कॉफीपासून मध्यरात्रीच्या पिझ्झापर्यंत समोर इतके काही येत राहते की पोट सतत भरलेले असते. मात्र सफर संपल्यावर कोणी विचारले, तर आवर्जून पुन्हा खावा असा एक पदार्थही चटकन आठवत नाही. अनेक सफरींनंतर मी कोणताही पदार्थ निवडण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारते : हा पदार्थ तयार झाल्यापासून माझ्यापर्यंत पोहोचेस्तोवर किती वेळ थांबतो आणि तेवढे थांबणे त्याला मानवते का? पुढचे सारे मार्गदर्शन याच प्रश्नाच्या आधाराने केले आहे.

हा प्रश्न जमिनीवरच्या हॉटेलपेक्षा जहाजावर अधिक महत्त्वाचा ठरतो. २०२४ साली सेवेत आलेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ पूर्ण भरले की त्यावर सुमारे ७६०० प्रवासी असतात. जहाज इतके मोठे नसले, तरी मुख्य भोजनकक्षात एका बैठकीला शेकडो माणसे एकदम बसतात आणि त्यांचे मुख्य पदार्थ साधारण एकाच सुमारास टेबलावर जावे लागतात. त्यात आगीच्या धोक्यामुळे बहुतेक जहाजांच्या मुदपाकखान्यात उघडी ज्योत नसते. विजेच्या भट्ट्या, तापलेले पत्रे आणि वाफेची मोठी भांडी यांवरच सारा स्वयंपाक चालतो. अशा ठिकाणी मंद भाजलेले मांस, सूप, पाव आणि थंड पदार्थ उत्कृष्ट होतात, कारण त्यांना आधी तयार करून ठेवता येते. तळलेला पदार्थ, अंडे किंवा माशाचा पातळ तुकडा यांचे मात्र थोड्या वेळातच नुकसान होते.

निघण्यापूर्वी

सर्वप्रथम जेवणाची वेळ ठरवावी. बहुतेक कंपन्या दोन पर्याय देतात : रोज एकाच वेळी, एकाच टेबलावर, त्याच वेटरच्या हातून जेवण, किंवा मनाला येईल तेव्हा जाऊन जेवण. दुसऱ्या पद्धतीला नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० साली ‘फ्रीस्टाइल’ हे नाव देऊन मोठी चालना दिली. डिस्नेच्या जहाजांवर तिसरी पद्धत आहे. तिथे कुटुंब दर रात्री वेगळ्या भोजनकक्षात जाते आणि वेटरही त्यांच्यासोबत जागा बदलतात. पहिल्याच सफरीला निघणाऱ्यांनी ठरलेल्या वेळेचे टेबल घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीपर्यंत वेटरला तुमची आवड कळलेली असते आणि आज कोणता पदार्थ चांगला उतरला आहे, हे तो आपणहून सांगू लागतो. त्याच्या सल्ल्याइतकी खात्रीची माहिती छापील मेन्यूत मिळत नाही.

एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असल्यास, ग्लुटेन चालत नसल्यास किंवा तुम्ही शाकाहारी असल्यास ते आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावे आणि पहिल्या रात्री मुख्य वेटरला पुन्हा सांगावे. अनेक जहाजांवर अशा प्रवाशाला दुसऱ्या दिवशीचा मेन्यू आदल्या रात्री दाखवतात आणि त्यातले पदार्थ वेगळे करून देतात. शाकाहारी वाचकांनी काही गोष्टी मुद्दाम लक्षात ठेवाव्यात. फ्रेंच अनियन सूप नावाने कांद्याचे असले, तरी ते बहुधा गोमांसाच्या रश्श्यावर बांधलेले असते. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही हा मासा असतो. मूस आणि पन्ना कोटा यांसारख्या थंड गोड पदार्थांत अनेकदा जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून केलेले जिलेटिन घालतात. वेटरला विचारले की तो आत जाऊन खात्री करून येतो आणि पर्याय असेल तर सुचवतो.

पहिली दुपार

जहाजावर चढल्याबरोबर जवळजवळ सगळे प्रवासी सामान हातात घेऊन वरच्या डेकवरच्या बुफेकडे वळतात. त्या दोन तासांत तिथे बसायला जागा नसते, रांगा लांब असतात आणि शांतपणे पाहून निवड करणे शक्य होत नाही. याच वेळी अनेक जहाजांवर मुख्य भोजनकक्ष किंवा एखादे लहान कॅफे उघडे असते आणि तिथे फारशी गर्दी नसते. कार्निव्हलच्या बऱ्याच जहाजांवर तरणतलावाजवळ गाय फिएरी या शेफच्या नावाचे बर्गर काउंटर असते. तिथले बर्गर तिकिटातच मिळतात आणि ते गरम पत्र्यावरून थेट पावात येत असल्यामुळे पहिल्या जेवणाला अगदी योग्य असतात. शेजारी कांदा, मशरूम आणि सॉस स्वतः वाढून घ्यायची सोय असते. जवळच्या ‘ब्लू इग्वाना’मध्ये टाको आणि बरिटो मिळतात. रॉयल कॅरिबियनच्या अनेक जहाजांवरच्या ‘पार्क कॅफे’मधले भाजलेल्या बीफचे गरम सँडविच नेहमीचे प्रवासी पहिल्याच दिवशी गाठतात आणि त्यामागे सबळ कारण आहे : मांस पातळ कापलेले, रसदार आणि पाव वरून खरखरीत मिठाचा.

रात्रीचे मुख्य जेवण

क्रूझची खरी मेजवानी मुख्य भोजनकक्षात असते आणि तिच्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. नवख्यांना बहुधा ठाऊक नसते की सुरुवातीचे दोन किंवा तीन पदार्थ एकत्र मागवता येतात, मुख्य पदार्थाऐवजी दोन सुरुवातीचे पदार्थ घेता येतात आणि एखादा पदार्थ न आवडल्यास तो बदलून मिळतो. म्हणून मी अनोळखी पदार्थाची ओळख नेहमी जहाजावर करून घ्यावी असे सुचवते. फसले तर एक बशी परत जाते, एवढेच.

सुरुवातीला थंड फळांचे सूप जरूर मागवावे. स्ट्रॉबेरी, पीच किंवा आंब्याचा गर, थोडी साय आणि आंबटपणासाठी लिंबू किंवा दही, असा त्याचा साधारण घाट असतो. पहिला घोट घेतला की हे गोड आहे की जेवणाचे आहे, असा प्रश्न पडतो. दिवसभर उन्हात फिरल्यानंतर मात्र त्याच्याइतके सुखाचे काही नसते. दुपारीच करून थंड केलेले हे सूप थांबल्याने उलट मुरते, त्यामुळे पहिल्या बैठकीला असो वा दुसऱ्या, ते सारखेच चांगले लागते. बटाटा आणि लीक (कांद्याच्या पातीसारखी भाजी) यांचे ‘व्हिशिस्वाज’ हे थंड सूपही याच जातीचे आहे. कोळंबीचे कॉकटेल आणि भाजलेल्या भोपळ्याचे किंवा मशरूमचे गरम सूप, हेही भरवशाचे पदार्थ.

गोगलगायींचा ‘एस्कार्गो’ हा पदार्थ बरेच जण आयुष्यात पहिल्यांदा क्रूझवरच चाखतात. सहा खळगे असलेली लहान बशी येते, प्रत्येक खळग्यात एक गोगलगाय आणि वर लसूण, पार्सली घातलेले उकळते लोणी. मांसाची चव सौम्य असते आणि चावायला ते मशरूमसारखे लागते. सगळी करामत लोण्याची आहे. ते लोणी बशीत सोडून देऊ नये. टोपलीतल्या पावाचा तुकडा मोडून प्रत्येक खळगा पुसून घ्यावा. पाव जहाजावरच भाजलेला असतो आणि बेकरीचे लोक त्यासाठी रात्रभर कामाला असतात.

मुख्य पदार्थांत पहिली पसंती मंद आचेवर तासन्‌तास शिजलेल्या मांसाला द्यावी. प्राइम रिब म्हणजे बरगडीजवळच्या बीफचा मोठा सांधा सबंध भाजून, थोडा वेळ निवू देऊन, मागणीनुसार जाड कापलेले मांस. या पदार्थाला थांबणे आवश्यकच असते, म्हणून शेकडो लोकांच्या बैठकीतही त्याचा दर्जा टिकतो. हीच गोष्ट वाइनमध्ये शिजवलेल्या शॉर्ट रिबची (बीफच्या आखूड बरगड्या) आणि कोकराच्या शँकची (पायाची नळी). याउलट स्टेक हवा असेल आणि तो आतून गुलाबीच हवा असेल, तर मुख्य कक्षात निराशेची तयारी ठेवावी. मासा घ्यायचा झाल्यास सॅमन घ्यावा. त्यात चरबी अधिक असल्यामुळे तो पांढऱ्या माशासारखा लवकर कोरडा पडत नाही. बऱ्याच कंपन्यांच्या मेन्यूत सॅमन, कोंबडीचा भाजलेला तुकडा आणि सीझर सॅलड हे ‘रोज उपलब्ध’ या सदरात असतात, त्यामुळे त्या रात्रीचा मेन्यू पटला नाही तरी उपाशी राहण्याची वेळ येत नाही. शाकाहारी मुख्य पदार्थांत भरलेल्या भाज्या, रिझोटो किंवा लझान्या असते. त्यांत लझान्या सर्वांत भरवशाची, कारण तीही निवल्यावर नीट बसते.

आता लॉब्स्टरविषयी. सात रात्रींच्या सफरीत साधारणपणे दोन रात्री सजून जेवायला जायच्या असतात आणि त्यांपैकी एका रात्री बहुतेक जहाजांवर लॉब्स्टरची शेपटी मिळते. ज्याची सर्वांत जास्त वाट पाहिली जाते आणि ज्याने सर्वांत जास्त निराशा होते, असा हा पदार्थ आहे. एकाच तासात शेकडो शेपट्या वरच्या आचेखाली भाजल्या जातात आणि दोन-तीन मिनिटे अधिक झाली की मांस रबरासारखे होते. एका सफरीत माझ्या वाट्याला अशीच शेपटी आली. सुरी चालवली तर ती कवचात सरकत राहिली. मी संकोचाने अर्धी खाल्ली आणि मग वेटरला सांगितले. त्याने एका शब्दाचीही विचारणा न करता दुसरी आणली. तिचे मांस मोत्यासारखे पांढरे होते आणि काट्याच्या टोकाने हलकेच सुटत होते. तेव्हापासून पहिल्याच घासाला शंका आली तर मी तत्काळ सांगते आणि नवख्यांनीही तसेच करावे. वितळलेले लोणी वेगळ्या वाटीत मागावे. काही कंपन्या पहिल्या शेपटीनंतरच्या प्रत्येक शेपटीचे पैसे घेतात, ते आधी विचारून घ्यावे.

गोडाकडे येताना पोटात जागा ठेवावी, कारण जहाजावरचे काही सर्वोत्तम पदार्थ इथेच आहेत. कार्निव्हलचा ‘वॉर्म चॉकलेट मेल्टिंग केक’ रोज रात्री मिळतो आणि पुष्कळ प्रवासी तो खरोखरच रोज रात्री खातात. चिनी मातीच्या लहान पांढऱ्या वाटीत तो येतो. वरचा पापुद्रा कोरडा आणि किंचित भेगाळलेला दिसतो. चमचा टेकवला की तो मोडतो, वाफ वर येते आणि आत दाट, वाहते चॉकलेट असते. सोबतच्या व्हॅनिला आइस्क्रीमचा गोळा वेगळा न खाता त्या खळग्यात सोडावा आणि काठाकडून खात मध्याकडे जावे. तो येताच खावा, गप्पांत ठेवू नये. पाच-सात मिनिटांत आतले चॉकलेट घट्ट होऊ लागते. फेटलेल्या अंड्याच्या फेसावर फुगणारा सुफ्ले याहून नाजूक असतो. भट्टीतून निघाल्यावर काही मिनिटांतच तो खाली बसतो, म्हणून मेन्यूत दिसला तर जेवणाच्या सुरुवातीलाच वेटरला सांगून ठेवावे. क्रेम ब्रूले, ब्रेड पुडिंग आणि चीजकेक यांची अशी घाई नसते.

बुफेत शिरताना

बुफेत ताटली हातात घेण्यापूर्वी एक पूर्ण फेरी मारावी. सगळे पाहून झाल्यावर जिथे समोर उभा राहून कोणी काहीतरी बनवत किंवा कापत असेल, तिथे जावे : सकाळी आम्लेटचे काउंटर, दुपारी पास्ता किंवा भाज्या परतून देणारा स्वयंपाकी, भाजलेल्या मांसाचे काप काढून देणारा माणूस. आम्लेटची रांग लांब दिसली, तरी ती धरावी. शेजारच्या मोठ्या तसराळ्यातली भुर्जीसारखी अंडी केव्हाची तिथे बसलेली असतात, कोणास ठाऊक. तळलेले पदार्थ नवा घाणा येताना दिसला तरच घ्यावेत. सॅलड, चीज, फळे आणि धुरावलेला सॅमन या गोष्टी मात्र बुफेइतक्या चांगल्या क्वचितच कुठे मिळतात. बारा-साडेबाराच्या गर्दीऐवजी बुफे उघडताच जावे, म्हणजे सगळे ताजे मांडलेले असते.

बंदरावर उतरायचे नसेल त्या दिवशी सकाळच्या न्याहारीसाठी मुख्य भोजनकक्षात जावे. तिथे एग्ज बेनेडिक्ट (पावावर मांसाचा काप आणि कवचाविना पाण्यात शिजवलेले अंडे) मागणीनुसार येतात आणि त्यांवरचे लोणी-अंड्याचे हॉलंडेज सॉस ताजे असते. खोलीत मागवायचे असेल तर क्रोसाँ, फळे, दही आणि कॉफी एवढ्यावर थांबावे. गरम पदार्थ अनेक मजले ओलांडून येतो, तोवर तो कोमट झालेला असतो.

जास्तीचे पैसे कुठे द्यावेत

वेगळे पैसे मोजून जेवण्याची कल्पना नवी नाही. १९०५ साली हॅम्बुर्ग-अमेरिका लाइनच्या ‘अमेरिका’ या जहाजावर रिट्झ-कार्लटनच्या नावाने असे उपाहारगृह सुरू झाले होते. आज बहुतेक मोठ्या जहाजांवर स्टेकहाउस, इटालियन, जपानी अशी स्पेशालिटी रेस्टॉरंट असतात. तिथे टेबले थोडी असतात आणि प्रत्येक पदार्थ मागणीनंतर शिजतो. ज्यादा पैसे खरे तर याचसाठी द्यायचे. म्हणून ज्या पदार्थाला थांबणे सोसत नाही, तोच तिथे मागवावा : आतून गुलाबी स्टेक, परतलेले स्कॅलप (एक प्रकारचे शिंपले), तापलेल्या पत्र्यावर समोर भाजलेले जपानी तेप्पानयाकी, सुशी. प्राइम रिब किंवा ब्रेड पुडिंगसाठी तिथे जाण्यात काही अर्थ नाही, कारण ते मुख्य कक्षातही तितकेच चांगले मिळते. ओशेनियासारख्या काही कंपन्यांत स्पेशालिटी रेस्टॉरंटचे वेगळे पैसे नसतात, फक्त आरक्षण करावे लागते. सात रात्रींच्या सफरीत एक, फार तर दोन रात्री तिकडे जाव्यात. लॉब्स्टरच्या रात्री जाऊ नये आणि पहिल्या रात्री सवलत मिळते का, ते जहाजावर चढताच विचारावे.

बंदर नसलेल्या दिवशी

बंदर नसलेला दिवस सावकाश खाण्याचा असतो. पूर्वीच्या अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजांवर सकाळी अकराच्या सुमारास डेकवर खुर्चीत बसलेल्या प्रवाशांना मांसाच्या गरम रश्श्याचा कप देत असत. त्याच परंपरेतला एक जिवंत प्रकार हॉलंड अमेरिकाच्या अलास्का सफरीत अनुभवता येतो : हिमनद्यांजवळून जाताना उघड्या डेकवर वाटाण्याचे दाट डच सूप वाटतात. हातात गरम कप, समोर निळसर बर्फ आणि चेहऱ्यावर बोचरा वारा, अशा स्थितीत त्या साध्या सूपची चव वेगळीच लागते. अलास्काला जाणाऱ्यांनी ते चुकवू नये.

दुपारचा चहा क्युनार्डच्या जहाजांवर घ्यावा. १८४० सालापासून चालत आलेल्या या कंपनीच्या जहाजांवर ‘क्वीन्स रूम’ नावाच्या दालनात पांढरे हातमोजे घातलेले वेटर चहा, काठ कापलेली लहान सँडविच, उबदार स्कोन (लहान, किंचित गोड पाव) आणि केक घेऊन फिरतात. स्कोन येताच घ्यावा, त्यावर घट्ट साय आणि जॅम भरपूर लावावा आणि त्या रात्रीच्या जेवणाची वेळ उशिराची ठेवावी.

बोट लागत असल्यास आणि हात धुण्याविषयी

समुद्र खवळला असेल तर पोट रिकामे ठेवू नये. कोरडी बिस्किटे, हिरवे सफरचंद, आल्याचा चहा किंवा आल्याची गोळी आणि साधा भात किंवा पाव एवढेच थोडे थोडे खावे. लोण्यातले, सायीचे आणि तळलेले पदार्थ समुद्र शांत होईपर्यंत टाळावेत. मागितल्यास कर्मचारी हे खोलीवरही आणून देतात.

जहाजांवर पसरणाऱ्या नोरोव्हायरस या उलट्या-जुलाबाच्या विषाणूवर अल्कोहोलचे जेल पुरेसे प्रभावी नसते, त्यामुळे प्रत्येक जेवणापूर्वी साबण आणि वाहत्या पाण्याने हात धुवावेत आणि बुफेतले वाढण्याचे चमचे हाताळल्यानंतर खाण्यास सुरुवात करण्याआधी पुन्हा धुवावेत. अमेरिकी बंदरांना जाणाऱ्या जहाजांची तिथले आरोग्य खाते अचानक तपासणी करते. १०० पैकी ८५ किंवा त्याहून कमी गुण मिळाले, तर जहाज नापास ठरते, आणि हे गुण सर्वांना पाहता येतात. गरम पदार्थ ५७ अंश सेल्सियसच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली ठेवावे लागतात. म्हणून गरम म्हणून मांडलेला पदार्थ कोमट लागला, तर चवीसाठीच नव्हे, तर तब्येतीसाठीही तो बाजूला ठेवावा.

शेवटच्या रात्री

सफरीच्या अखेरीस अनेक जहाजांवर ‘बेक्ड अलास्का’ची मिरवणूक निघते. दिवे मंद होतात, संगीत सुरू होते, वेटर तबके उंच धरून टेबलांमधून फिरतात आणि प्रवासी नॅपकिन हवेत फिरवून त्यांना दाद देतात. पूर्वी या केकवर खरी ज्योत असे. आता आगीच्या नियमांमुळे पुष्कळ ठिकाणी बॅटरीचे दिवे असतात. खाली स्पंज केक, त्यावर आइस्क्रीमचा डोंगर आणि सर्वांत वर अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा फेटलेला, भट्टीत खरपूस झालेला थर, अशी त्याची रचना असते. त्या फेसातले हवेचे बुडबुडे उष्णता आत जाऊ देत नाहीत, म्हणून बाहेरून तपकिरी झाला तरी आतले आइस्क्रीम गोठलेलेच राहते. अमेरिकेने १८६७ साली अलास्का विकत घेतले, त्या घटनेशी याच्या नावाचा संबंध जोडतात. मिरवणुकीतला केक बहुधा दाखवण्यापुरता असतो आणि तुमच्या बशीतला तुकडा मुदपाकखान्यातून कापून येतो. तो आल्यावर एक मिनिटभर थांबावे, आइस्क्रीमच्या कडा किंचित मऊ होऊ द्याव्यात आणि मग तिन्ही थर एका चमच्यात येतील असा घास घ्यावा.

आपल्या वेटरचे आणि मदतनिसाचे आभार याच रात्री मानावेत, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची नेमणूक दुसऱ्या कक्षात झालेली असू शकते. उतरण्याच्या सकाळी बुफेत पुन्हा पहिल्या दुपारइतकीच गर्दी होते. मुख्य भोजनकक्ष उघडा असेल तर तिथे लवकर जाऊन बसावे आणि एग्ज बेनेडिक्ट शेवटचे एकदा मागवावेत.